चंद्रावर जाण्याआधीचा सत्कार

माझी बहीण ऋजुता चंद्रावर जाणार नाही. हे ठरलं आहे, कळवलं गेलं आहे आणि त्यात आता बदल होणार नाही.

हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आमच्या घरात सगळे तसंच समजतात. टीव्हीवर रॉकेट दिसलं की बाबा अजूनही "शू, ऐकू दे" म्हणतात, जणू त्यात कोण बसणार हे अजून ठरायचंच आहे.

तर, माझी बहीण चंद्रावर जाणार आहे.

ऋजुता माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणून ताई. ती मँचेस्टरला विद्यापीठात चंद्राच्या दगडांवर संशोधन करते. दगड खरे, माणसांनी तिथे जाऊन, वाकून, उचलून आणलेले. मी अवधूत. मी इंग्लंडमध्येच, लंडनजवळच्या ब्रॅकनेलला आई-बाबांच्या घरी राहतो आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. 'सबमिट' लिहिलेलं बटण दाबल्यावर सबमिट होतं की नाही हे बघणं, हे माझं काम. बहुतेक वेळा होतं. आम्ही दोघं एकाच आई-बापांची मुलं आहोत याला कागदोपत्री पुरावा आहे, नाहीतर कोणी विश्वास ठेवला नसता.

आम्ही पुण्याहून ब्रॅकनेलला आलो तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तरी माझं मराठी बरं आहे, कारण आई इथे शनिवारची मराठी शाळा चालवायची आणि पुष्कळ शनिवारी पटावर मी एकटाच असायचो. दरवर्षी पहिला यायचो. एका वर्षी दुसरा आलो. तो निकाल आईने आजतागायत समजावून सांगितलेला नाही.

ताई तेव्हा दहा वर्षांची. शाळेत तिच्याशी कोणी बोलायचं नाही, म्हणून ती संध्याकाळी मागच्या अंगणात उभी राहून वर बघायची. एक दिवस आत येऊन म्हणाली, "बाबा, पुण्यात चंद्राची कोर होडीसारखी आडवी असायची. इथे उभी का?" बाबा तेव्हा कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, पत्र वाचत होते. ते म्हणाले, "इथे सगळंच तिरकं असतं." ताईला ते उत्तर पुरलं नाही. तिने लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि स्वतःच शोधून काढलं की चंद्र तसाच आहे, तिरके आपण झालो आहोत. पृथ्वीच्या गोळ्यावर एवढं वर सरकलं की आकाशच कलतं. दहा वर्षांच्या मुलीला, जिला नव्या गावात सगळंच बिघडलंय असं वाटत होतं, हे फार आवडलं. तेव्हापासून ती चंद्राची झाली. मी तेव्हा टीव्हीवरच्या कार्टूनचा होतो आणि तिथेच राहिलो.

गेल्या वर्षी एका अंतराळ संस्थेने अंतराळवीरांसाठी अर्ज मागवले. पुढेमागे चंद्रावर उतरणाऱ्या तुकड्या यातूनच निवडणार होते. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. नाव घेतल्याने काय होतं ते पुढे येईलच.

ताईने अर्ज केला आणि आम्हाला सांगितलं नाही. आम्हाला एवढंच दिसलं की ती अचानक फोन करून विचित्र प्रश्न विचारायला लागली. आजोबांना नक्की काय झालं होतं? हार्ट की किडनी? आत्याला फिट यायची ती लहानपणीच ना? आपल्यात कोणाला रातांधळेपणा आहे का?

फोन ठेवला की आई-बाबांची बैठक बसायची.

"रक्तगट विचारला?" बाबा.

"सगळ्यांचा विचारला."

"अवधूतचा पण?"

"त्याचा पण. आणि लिफ्टमध्ये चक्कर येते का, असं विचारलं."

बाबांनी चष्मा काढला. "मुलगा डॉक्टर दिसतोय."

"उंचावर राहत असेल," आई म्हणाली. "एवढं आधी तपासून घेतात म्हणजे घर चांगलं आहे."

एखादी मुलगी घरच्यांची प्रकृती आणि रक्तगट गोळा करायला लागली तर जगात इतरत्र लोकांना काय वाटतं माहीत नाही. आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. आईने पुण्याला मावशीला फोन केला. मावशीने ताईची पत्रिका शोधली. पत्रिकेत परदेशगमन होतं, पण ते झालेलंच होतं. शेवटी मावशीने ताईलाच मेसेज केला, 'अभिनंदन गं! आडनाव काय?' आणि ताई त्या शनिवारी मँचेस्टरहून ट्रेन पकडून घरी आली.

जेवणाच्या टेबलावर तिने ताट बाजूला सारलं.

"आई, कोणी मुलगा नाहीये."

आईने बाबांकडे बघितलं, मग धीर करून म्हणाली, "मुलगी असली तरी सांग. आम्हीही वाचतो सगळं."

"आई, चंद्र आहे."

मी वरण वाढून घेतलं, कारण अशा वेळी कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे.

मग ताईने सगळं सांगितलं. हजारो अर्ज होते. परीक्षा झाल्या, मुलाखती झाल्या, ती एका टाकीत बसून आली, एका खुर्चीत फिरून आली. आता मोजकेच लोक उरलेत आणि त्यात ती आहे. सांगताना ती हात टेबलाखाली दाबून बसली होती.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. "नावं जाहीर होईपर्यंत हे कोणालाही सांगायचं नाही. मी सही केलीये. जवळच्या कुटुंबाला सांगायची मुभा आहे, पण बाहेर गेलं तर माझा अर्ज बाद. वॉर्निंग वगैरे नाही, डायरेक्ट बाद."

"बाहेरच्या कोणाला सांगणारच नाही," बाबा म्हणाले.

"बाहेरच्या नाही, बाबा. कोणालाच."

"बरोबर. कोणालाच." बाबांनी मान हलवली. मग हळूच, "जयंतला?"

"बाबा!"

"नाही, उदाहरण म्हणून विचारलं."

जयंतकाका म्हणजे बाबांचे मित्र. दोघं एकाच कंपनीतर्फे, एकाच विमानाने इथे आले आणि तेव्हापासून दोघांनी मिळून एकही गोष्ट एकट्याने केलेली नाही. जयंतकाका आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आहेत.

दुसऱ्या दिवशी मी ताईला स्टेशनवर सोडायला गेलो. ट्रेनला वेळ होता. गाडीच्या काचेवर ब्रॅकनेलचा नेहमीचा, पडतोय की लटकतोय ते न कळणारा पाऊस होता.

"तिथे जाऊन करणार काय पण?" मी विचारलं. "झेंडा लावून झालाय. गोल्फ खेळून झालंय. लोक कचऱ्याच्या पिशव्याही टाकून आलेत. आपल्यासाठी काय उरलंय?"

"टॉर्च मारायचाय," ताई म्हणाली.

"कुठे?"

"दक्षिण ध्रुवाजवळ खड्डे आहेत, त्यांच्या तळाशी सूर्य कधीच पोचत नाही. कधीच म्हणजे अवी, अब्जावधी वर्षं. डायनोसॉर आले, गेले, तिथे अंधारच. आपण घरात अंधारात टॉर्च मारतो ना, तिथे आधी कधीतरी उजेड होताच. इथे नव्हता. त्या काठावर उभं राहून मला आत टॉर्च मारायचाय."

"आणि काय दिसेल?"

"बर्फ असेल. कदाचित. माहीत नाही."

"काहीच नसलं तर?"

"तर काहीच नाहीये हे बघणारी मी पहिली."

ती हसली. माझी ताई फोटोत हसते ते वेगळं, हे वेगळं. खरं सांगायचं तर माझ्या अंगावर काटा आला. मग मी पार्किंगचं तिकीट संपलंय का ते बघितलं.

आता बाबा. बाबांनी गुपित ठेवायचा प्रयत्न केला नाही असं मी म्हणणार नाही. त्यांना त्याचा शारीरिक त्रास झाला. ते घरातल्या घरात फेऱ्या मारायचे. पोस्टमन आला की त्याच्याकडे दयेने बघायचे, की या बिचाऱ्याला माहीतही नाही तो कोणाच्या घरी पत्र टाकतोय. एकदा मी त्यांना मागच्या अंगणात पकडलं. ते शेजारच्या मांजराला सांगत होते. मांजराने ऐकून घेतलं आणि पुढे कोणाला सांगितलं नाही. या सगळ्या प्रकरणात भरवशाचं ते एकच निघालं.

जयंतकाकांना आपण सांगितलं नाही, असं बाबांचं आजही म्हणणं आहे. जयंतने ओळखलं, ते म्हणतात. कसं ओळखलं? तर बाबांनी त्यांना सहज विचारलं होतं, "काय रे, मुलगी चंद्रावर निघाली की लॉन्चच्या वेळी वडिलांना सूट घालावा लागतो, की जाकीट चालतं?"

जयंतकाकांनी सहा महिन्यांपूर्वीच कोजागिरीसाठी हॉल बुक केला होता आणि त्यांच्याकडे प्रमुख पाहुणा नव्हता.

इथे आमच्या मंडळाच्या कोजागिरीबद्दल थोडं सांगायला हवं. ती पौर्णिमेला होत नाही. पौर्णिमेनंतरच्या शनिवारी होते, दुपारी तीन ते सात, कारण सातला केअरटेकर हॉलला कुलूप लावतो. रात्रभर जागून लक्ष्मीची वाट बघायची, ही मूळ कल्पना केअरटेकरला मान्य नाही. चंद्र अर्थातच नसतो. दुपार असते, ढग असतात. म्हणून चंद्र प्रोजेक्टरवर लावतात आणि आटीव दुधाचे कागदी कप भिंतीकडे तिरके धरतात, म्हणजे दुधात चंद्र पडतो. एका वर्षी लॅपटॉप झोपला आणि सगळ्यांच्या दुधात 'नो सिग्नल' पडलं. लोक तरी प्यायले.

पण एक गोष्ट मंडळ मनापासून करतं. कोजागिरीला घरातल्या मोठ्या अपत्याला ओवाळतात. इथे ते सामुदायिक असतं. सगळ्या घरांतली पहिली मुलं एका रांगेत खुर्च्यांवर बसतात, वयाची अट नाही. गेल्या वेळी रांगेत एका टोकाला आठ महिन्यांचं बाळ होतं आणि दुसऱ्या टोकाला जयंतकाका, वय चौसष्ट, थोरले चिरंजीव, मांडीवर टोपी घेऊन. मी धाकटा असल्यामुळे खुर्च्या लावतो.

ताई दरवर्षी यासाठी मँचेस्टरहून येते. या वर्षी जयंतकाकांनी तिला फोन करून विचारलं, "आलीच आहेस तर मुलांना चंद्राच्या दगडांबद्दल दहा मिनिटं सांगशील का गं, बेटा?" ती खूश झाली. तिने शाळांना दाखवण्यासाठी असते ती काचेसारखी चकती आणली, तिच्या आत चंद्राची खरी धूळ आणि दगडांचे कण कायमचे बंद करून ठेवलेले.

मी दोन वाजता खुर्च्या लावायला पोचलो तेव्हा स्टेजच्या वर एक गुंडाळलेला फ्लेक्स टांगलेला होता आणि त्याला दोरी होती.

"हे काय आहे, काका?"

"सरप्राईज," जयंतकाका म्हणाले. बोटाने गप्प राहायची खूण केली आणि मग स्वतःच गप्प राहू शकले नाहीत. "तुझ्या ताईचा सत्कार."

मी बाबांना किचनमध्ये गाठलं. ते चारोळ्या मोजून मोजून दुधात टाकत होते.

"बाबा, हे थांबवा. तिचा अर्ज बाद होईल."

"अरे, इंटर्नल आहे."

"बाहेर दीडशे माणसं येतायत!"

"मग? त्यातलं बाहेरचं कोण आहे सांग." बाबांनी खरोखर विचार केला. "सगळी आपलीच माणसं. तिने बाहेर सांगू नका म्हटलंय."

मी जयंतकाकांकडे परत गेलो. म्हटलं, "काका, अजून निवड झालेली नाही. झाल्यावर करा ना सत्कार."

"झाल्यावर?" ते माझ्याकडे बघत राहिले, मी लहान असताना बघायचे तसे. "अरे वेड्या, झाल्यावर सगळी मंडळं करतील. रीडिंगवाले करतील, बर्मिंगहॅमवाले करतील. आपल्या मुलीचा सत्कार आपण शेवटी करायचा? शिवाय डिसेंबरात माझी टर्म संपते."

"पण ती सिलेक्ट झालीच नाही तर?"

"शुभ बोल रे."

मी ताईला फोन केला. ती ट्रेनमध्ये होती, फोन लागला नाही. मी मेसेज केला, 'येऊ नकोस.' तिचं उत्तर हॉलच्या दारातून आलं. "का? चेहऱ्यावर काही लागलंय का माझ्या?" तेवढ्यात मीनलकाकू, म्हणजे जयंतकाकांच्या पत्नी, तिला हाताला धरून पुढे घेऊन गेल्या. मी मागे "ताई, एक मिनिट" म्हणत राहिलो आणि माझ्या हातात कोणीतरी खुर्च्या दिल्या.

ताईचं बोलणं सुरू झालं आणि मी पाच मिनिटं फ्लेक्स विसरलो. ते माझ्याच्याने टाळलं गेलं नाही.

तिने सांगितलं की चंद्रावर आजवर बाराच माणसं चाललीत. शेवटचा निघाला १९७२ साली, तिचे बाबा शाळेत असताना. तिथली धूळ पिठासारखी दिसते पण काचेच्या चुऱ्यासारखी टोकदार असते, कारण कण घासून गोल करायला तिथे वारा नाही, पाणी नाही. हेल्मेट काढल्यावर तिचा वास जळलेल्या दारूगोळ्यासारखा येतो म्हणे. एका माणसाला चंद्रावर जाऊन सर्दी झाली; सगळ्या मानवजातीत चंद्राची ॲलर्जी असल्याचं पहिल्यांदा त्याला कळलं. मुलं हसली. मग तिने चकती फिरवली आणि हॉलमधले दीडशे मराठी लोक गप्प झाले. मी हे आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं नाही. बायकांनी ती चकती दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घेतात तशी.

जयंतकाकांची नात दिया, इथेच जन्मलेली, आठ वर्षांची, तिने हात वर केला. "ताई, तिकडे मी वॉक केलं तर माझा पाय किती दिवस राहते?"

"तू मोठी होशील, म्हातारी होशील," ताई म्हणाली. "हा हॉल पडेल. ब्रॅकनेल राहणार नाही. तरी तुझा पाय तिथे तसाच असेल. पुसायला कोणी नाही."

दियाने विचार केला. "पण शूज काढून जायचं ना?"

टाळ्या थांबायच्या आत जयंतकाकांनी दोरी ओढली.

फ्लेक्स उलगडत खाली आला, थेट प्रोजेक्टरच्या चंद्रावर. 'चंद्रावर जाणाऱ्या पहिल्या मराठी कन्येचा हृद्य सत्कार.' खाली ताईचा फोटो. मावसबहिणीच्या लग्नातला, नथ घातलेला. त्याच्याभोवती कोणीतरी अंतराळवीराचं हेल्मेट बसवलं होतं. नथ हेल्मेटच्या काचेला टेकत होती. पुढच्या रांगेत वीर नावाचा मुलगा फोन धरून मंडळाच्या पेजवर लाईव्ह करत होता. त्याला सांगितलं होतं, म्हणून करत होता.

ताईच्या चेहऱ्याचं वर्णन मी इथे करणार नाही.

शाल आली. नारळ आला. मीनलकाकूंनी मानपत्र वाचायला घेतलं. ताई माझ्याकडे बघून ओठांनी म्हणाली, "लाईव्ह बंद कर." मी सॉफ्टवेअरमधला माणूस; मी धावत जाऊन भिंतीतला प्लग काढला. त्याने फक्त चंद्र गेला. वीरच्या फोनला बॅटरी होती.

मग ताईने माईक घेतला. आवाज अगदी सरळ ठेवून म्हणाली, "हे खरं नाहीये. माझी कुठेही निवड झालेली नाही. मी फक्त दगडांवर संशोधन करते. प्लीज हे रेकॉर्ड करू नका."

"विनय बघा!" जयंतकाका गरजले आणि हॉल उभा राहिला. त्या हॉलमध्ये तेवढ्या टाळ्या कधीच वाजल्या नव्हत्या. ती "नाही, खरंच नाही" म्हणाली, टाळ्या वाढल्या. ती "थांबा" म्हणाली, कोणीतरी शिट्टी मारली. ती जेवढं नाकारत होती तेवढी ती लोकांच्या मनात चंद्राच्या जवळ जात होती. शेवटी ती जाऊन बसली, नारळ मांडीवर धरून, थोरल्या अपत्यांच्या रांगेत, बाळाच्या शेजारी. आईने तिला ओवाळलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. फोटो चांगले आले.

त्याच संध्याकाळी मावशीने तो व्हिडिओ पाहिला आणि पुण्यात तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'प्लीज पुढे पाठवू नका' असं वर लिहून. दुसऱ्या दिवशी एका बातम्यांच्या साईटवर आलं: 'पुण्याची ऋजुता निघाली चंद्रावर.' त्यात बाबांची प्रतिक्रिया होती. त्यांना फोन आला होता आणि ते म्हणाले होते, "सध्या मी यावर काहीही बोलू शकत नाही, एवढंच सांगतो की लहानपणापासूनच तिला चंद्राची आवड होती."

बुधवारी ताई परत घरी आली. बॅग न घेता. दारातच उभी राहिली, बूटही काढले नाहीत.

"फोन आला होता," ती म्हणाली. "बाद."

"मी बोलतो त्यांच्याशी," बाबा म्हणाले. "मी सांगतो की चूक माझी आहे, तिची नाही."

"त्यांना माहितीये, बाबा. त्या बाई खूप चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही काही केलं नाही हे आम्हाला दिसतंय. मी माईकवर काय बोलले त्याचं भाषांतर पण त्यांनी करून घेतलं होतं."

"मग?"

"म्हणाल्या, यान निघालं की घरच्यांवर सगळं जग कॅमेरे लावून बसतं. कोणावर किती विश्वास ठेवायचा, हे उमेदवाराला कळतं का, तेही आम्ही बघत असतो." ती बूट काढायला वाकली. "बाकी सगळ्यात मी पास होते. ते पण त्यांनी सांगितलं. सांगायला नको होतं त्यांनी."

म्हणजे माझ्या बहिणीच्या हातून सबंध निवडीत एकच चूक झाली. तिने आम्हाला सांगितलं.

जयंतकाका संध्याकाळी आले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते सोफ्याच्या अगदी काठावर बसले आणि म्हणाले, "आपण निषेधाचा ठराव करू." मग म्हणाले, "दुसऱ्या कुठल्या देशाकडून होतंय का बघू, माझा एक भाचा आहे." शेवटी म्हणाले, "सत्कार आपण परत घेणार नाही हं, बेटा. तो तुझाच."

"थँक यू, काका," ताई म्हणाली.

ती चहा करायला किचनमध्ये गेली आणि तिच्या मागे मी. आई सिंककडे तोंड करून फोनवर मावशीशी हळू आवाजात बोलत होती. "वाईट तर वाटतंच गं. पण खरं सांगू? एवढ्या लांब... मला झोप लागत नव्हती. आता निदान ट्रेनने जाता येईल अशा ठिकाणी आहे."

ताईने ते ऐकलं. तिने गॅस बंद केला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. आई दचकली. ताई म्हणाली, "असू दे, आई. चहा घेतेस?"

ती भांडलीच नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल, काहीतरी फोडेल. नारळ घरातच होता. बाबा तर वाट बघत होते, शिव्या खायला तयार होऊन, खुर्चीत ताठ बसून. तिने आम्हाला तिथल्या तिथे माफ केलं, रांगेने, वयाप्रमाणे. बाबांना म्हणाली, "तुम्हाला अभिमान वाटला, एवढंच झालं." मला म्हणाली, "तू प्लग काढलास ना." मग शेवटच्या ट्रेनच्या आधीच्या ट्रेनने गेली.

आता ती दर रविवारी फोन करते. न चुकता. मँचेस्टरची हवा सांगते. ट्रॅम बंद होती किंवा चालू होती ते सांगते. आई विचारते, "बाकी नवीन काय?" आणि ताई म्हणते, "काही नाही गं, नेहमीचंच." आवाजात राग नसतो, मी नीट ऐकलंय. ती आजारी होती हे आम्हाला ती बरी झाल्यावर कळलं. तिने घर बदललं ते पार्सल परत आल्यावर कळलं. चंद्राच्या त्या खड्ड्यांच्या तळाशी काय आहे ते जसं कोणाला माहीत नाही, तसं मँचेस्टरला काय आहे ते आता आम्हाला माहीत नाही. फरक एवढाच की चंद्रावर निदान टॉर्च मारायचा विचार तरी चालू आहे.

संस्था काही वर्षांनी परत अर्ज मागवेल. ताई भरेल की नाही, मला माहीत नाही. भरला तर ती आम्हाला सांगणार नाही आणि त्यात तिचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. बाबा मात्र म्हणतात, "या वेळी आपण अजिबात बोलायचं नाही." हे ते जयंतकाकांना म्हणतात.

म्हणून मी संस्थेला लिहिलं आहे. ताईला विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही. मजकूर असा:

विषय: उमेदवाराचे कुटुंब पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, उमेदवार ऋजुता दाबके (मधले नाव वगळावे) यांच्या अर्जात 'निकटचे कुटुंब' या रकान्यात दर्शवलेले वडील एक, आई एक व भाऊ एक हे उमेदवाराच्या जन्मतारखेपासून अस्तित्वात नव्हते, असे कृपया गृहीत धरण्यात यावे. सदर व्यक्ती अस्तित्वात नसल्याने उमेदवाराने त्यांना काही सांगितले, अथवा त्यांच्यावर विश्वास ठेवला, असा प्रश्न उद्भवत नाही. उमेदवारास लहानाचे मोठे कोणी केले, अशी विचारणा झाल्यास तेथे 'लागू नाही' अशी नोंद घ्यावी. उमेदवारास ओवाळणारी स्त्री ही हॉलमधील एक अनोळखी स्त्री होती, असे समजावे. त्या स्त्रीची यास हरकत असल्यास ती विचारात घेऊ नये.

सबब, उमेदवाराचा अर्ज होता त्या टप्प्यावर पुनर्स्थापित करून त्यांना चंद्रावर पाठवण्यात यावे, ही विनंती.

विनंती मान्य झाल्यास कृपया आम्हाला कळवू नये.